नारळी पुनवेची तारीख

अक्षरांची तारीख करता येते हे मला ज्या दिवशी कळलं, त्या दिवशी मी वालीवच्या गाळ्यात खुर्चीवरून उठून टाळ्या वाजवल्या होत्या. खाली लेथवर काम करणारे सगळे मान वर करून पोटमाळ्याकडे बघायला लागले. आमचं ऑफिस त्या पोटमाळ्यावर होतं. दोन टेबलं, एक कॉम्प्युटर, एक करकरणारा प्रिंटर आणि मी.

आमच्या गाळ्यात पाण्याच्या पाइपांचे व्हॉल्व्ह बनायचे. कुठला माल कोणत्या दिवशी तयार झाला याची नोंद माझ्या आधीच्या माणसाने कॉम्प्युटरवर ठेवली होती, पण त्या भल्या माणसाने तारखा साध्या मजकुरासारख्या भरल्या होत्या. बघणाऱ्याला ती तारीख दिसायची, कॉम्प्युटरला मात्र ती नुसती अक्षरांची ओळ. क्रमाने यादी मागितली की तो पहिल्या अक्षरापासून लावत सुटायचा, त्यामुळे एक डिसेंबर आधी आणि दोन जानेवारी नंतर. मालकांना वाटायचं, मीच काहीतरी गोंधळ घालतेय. महिनाभर मी बोलणी खाल्ली. मग एका जाड पुस्तकात मला ते फंक्शन सापडलं. त्याला मजकूर द्यायचा आणि साचा सांगायचा, म्हणजे आधी दिवस, मग महिना, मग वर्ष. की झालं! त्या ओळीची खरी तारीख व्हायची. तिच्यात दिवस मिळवता यायचे, दोन तारखांमधलं अंतर काढता यायचं, क्रम लागायचा. क्वेरी चालवली, म्हणजे कॉम्प्युटरला त्याच्या भाषेत यादी मागितली, आणि तीन वर्षांचा माल शहाण्या मुलांसारखा रांगेत उभा राहिला. मला इतका आनंद झाला की मी घरी जाऊन आईला सगळं समजावून सांगितलं. तिने मटार सोलत ऐकून घेतलं आणि विचारलं की एवढं होतं तर त्या माणसाने आधीच नीट का नाही लिहिलं.

गाळ्यातल्या स्टोअरला नंदाखाल गावचा एक मुलगा होता, माझ्याच वयाचा. घरची केळीची वाडी, रविवारी न चुकता चर्च, आणि बोलणं असं सावकाश की मला वाक्य संपेपर्यंत धीर धरवायचा नाही. माझा आनंद त्याने शांतपणे पाहिला आणि म्हणाला, तुला आता जिथे तिथे तारखा दिसतील. तसंच झालं. दुधाच्या पिशवीवर, रेशनकार्डावर, लग्नपत्रिकेवर तारीख दिसली की मी मनात तिचा साचा लावायची.

आम्ही विरारला पश्चिमेला राहायचो. आमच्या कोपऱ्यावर एक मच्छीवाली मावशी बसायची. अर्नाळ्याच्या बाजूच्या एका गावातून ती सकाळी पाटी घेऊन यायची. मी चौथीत होते तेव्हापासून ती मला ओळखायची आणि माझ्या बारीकपणाचं खापर आईवर फोडून दोन बांगडे जास्त टाकायची. तिचा नवरा होडीवर गेला होता. होडी परत आली, तो आला नाही. पुढे गावातल्या मच्छीमार सोसायटीत त्याच्या जागी तिचं नाव लागलं.

त्या पावसाळ्यात सोसायटीची निवडणूक होणार होती, आणि मावशीने आईला सांगून टाकलं की ती कमिटीवर उभी राहणार. आजवर एकही बाई उभी राहिलेली नव्हती. पहाटे लिलावाला बंदरावर शंभर बाया ताटकळतात, पण त्यांना ना प्यायला नळ ना आडोसा, आणि कमिटीतल्या पुरुषांना हे सांगायचं कुणी, असा तिचा सवाल होता. ती बोलत असताना कोलंबी सोलायची थांबलीसुद्धा नाही. आईने मला नंतर सांगितलं, ही बाई करून दाखवणार बघ.

सोसायटीला सभासदांची यादी टाइप करून हवी होती, सर्वांत जुना सभासद आधी, अशा क्रमाने. सरकारी निवडणूक अधिकाऱ्याने तशी सक्ती केली होती. मावशीनेच चेअरमनना माझं नाव सुचवलं, की आमच्या गिऱ्हाइकाची पोरगी कंपूटरवाली आहे. चेअरमन पूर्वी तांडेल होते, म्हणजे होडीचे कप्तान. उंच, पांढरा सदरा, आवाज असा की समोरच्याला वाटावं आपण दुसऱ्या होडीत बसलोय. मी रविवारी तिथे गेले आणि म्हाताऱ्या कारकुनांनी माझ्यासमोर रजिस्टरं उघडली.

मी वेडीच झाले. प्रत्येक पानावर वर साल लिहिलेलं, आणि त्याखाली सभासद कधी झाला त्या रकान्यात सगळी जत्रा. कुठे १२/३, कुठे ‘बारा मार्च’, पण कितीतरी ठिकाणी ‘नारळी पुनव’, ‘होळीची पुनव’, ‘ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी’, ‘संत पेत्राचा सण’, ‘नाताळच्या आदल्या दिवशी’. गावात हिंदूही होते आणि ख्रिस्तीही, आणि सोसायटीने दोघांचेही सण बिनतक्रार लिहून घेतले होते. मी हसले तेव्हा कारकुनांना राग आला. त्यांनी मला समजावलं की तिथी सांगितली की समुद्राला भरती किती वाजता हे त्यांना बसल्या जागी सांगता येतं, सण सांगितला की होड्या बाहेर होत्या की पावसाळ्यासाठी किनाऱ्यावर शाकारलेल्या ते कळतं. तुमची पंधरा तारीख काय सांगते, असं त्यांनी विचारलं. मला ते फार आवडलं, आणि आवडून मी ते तिथेच सोडून दिलं.

मजकूर जसाच्या तसा इंग्रजी अक्षरांत टाइप केला आणि मोठ्या उत्साहात माझं लाडकं फंक्शन लावलं. क्वेरी पहिल्याच नारळी पुनवेला आडवी झाली. तारीख वाचता येत नाही, असा संदेश देऊन थांबली. तो सण ओलांडला तर होळीला अडकली. तारखेचा रकाना रिकामा ठेवायला अधिकाऱ्याची परवानगी नव्हती. मग मी एक युक्ती केली आणि त्या युक्तीवर जाम खूश झाले. जी ओळ तारीख म्हणून वाचता येणार नाही, तिला त्या वर्षाची एकतीस डिसेंबर द्यायची. साल तर पानावर होतंच. कुणाला फुकटचा मान मिळायला नको, म्हणून वर्षाचा शेवटचा दिवस. किती न्यायी होते मी! यादी छापली, नेऊन दिली, आणि चेअरमननी मला केळीच्या पानात बांधून दोन पापलेट दिले.

ऑगस्टच्या अखेरीस, एका बुधवारी, मावशी पाटी न घेता आमच्या दारात उभी राहिली. मी कामावर निघाले होते. तिला चपला काढायचंही भान नव्हतं.

“पोरी, माजं नाव नाय यादीत,” ती म्हणाली. “कंपूटर बोलला म्हनं, दोन वरसं भरली नाय.”

माझ्या यादीवरून अधिकाऱ्याने मतदारांची कच्ची यादी लावली होती, आणि नियम असा होता की वीस ऑगस्टला ज्याला सभासद होऊन पुरी दोन वर्षं झाली असतील, त्यालाच मत देता येईल आणि उभं राहता येईल. हरकती ऐकायला अधिकारी शनिवारी येणार होता. त्यानंतर यादी पक्की. आणि पुढची निवडणूक पाच वर्षांनी.

मी तिला काय सांगितलं ते आज लिहितानाही कान तापतात. मी म्हणाले, “मावशी, कॉम्प्युटर चुकत नाही.”

तिने माझ्याकडे पाहिलं. “मंग मी चुकले?” असं तिने विचारलं, आणि पाणी मागितलं. आईने पाणी दिलं. ते पिऊन ती निघून गेली. आईने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मी डबा न घेताच घरातून बाहेर पडले.

गाळ्यात पोचल्या पोचल्या मी यादीवर एक साधी क्वेरी चालवली, कोणत्या तारखेला किती जण सभासद झाले. आणि पडद्यावर उत्तर आलं. निम्मं गाव एकतीस डिसेंबरला सोसायटीत भरती झालं होतं. दरवर्षी. पाऊस असो, वादळ असो, लोक वर्षभर थांबून शेवटच्या दिवशी नाव लावत होते. बाकीच्यांचं काही बिघडलं नव्हतं, कारण ते सगळे जुने होते, दोन वर्षं त्यांची केव्हाच उलटून गेली होती. अलीकडची अशी एकटी मावशीच होती. रजिस्टरात तिच्यापुढे ‘नारळी पुनव’ होतं आणि माझ्या न्यायीपणाने तिला साडेचार महिने पुढे ढकललं होतं. जिने मला काम मिळवून दिलं, तिचंच नाव मी उडवलं होतं. मला स्वतःचा असा संताप आला की मी टेबलावर हात आपटला आणि प्रिंटर बंद पडला.

स्टोअरवाल्याने येऊन प्रिंटर चालू केला आणि काय झालं ते विचारलं. ऐकून घेतल्यावर म्हणाला की पुनव काय आणि ईस्टर काय, दरवर्षी वेगळ्या तारखेला येतात, पण येतात तर नक्की, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरात छापूनही येतात. एवढंच. पण माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. फंक्शनला पुनव कळत नाही ना? मग मीच त्याला शिकवते! सणांचा एक वेगळा तक्ता करायचा, त्यात साल, सण आणि तारीख. सभासदाच्या ओळीला तारीख वाचता आली तर ठीक, नाहीतर त्या तक्त्यात जाऊन साल आणि सण जुळवायचा. मी त्याचा हात धरून हलवला. तो बिचारा कानापर्यंत लाल झाला.

माझी आई जुनं कॅलेंडर कधी टाकत नसे. त्या संध्याकाळी मी घरातले सगळे कप्पे उपसले. कपड्यांच्या कपाटात तीन सालं निघाली, माळ्यावरच्या ट्रंकेत पाच, एक साल तर माझ्या दहावीच्या पुस्तकांना कव्हर म्हणून घातलेलं. मला हवं होतं ते साल कुठेच मिळेना. शेवटी आईलाच आठवलं की ते मसाल्याच्या डब्यांखाली अंथरलंय. मी डबे भराभर उतरवले, मोहरी सांडली, आणि ऑगस्टचं पान हळदीने पिवळं झालेलं हातात आलं. नारळी पौर्णिमेच्या चौकटीत आईने दुधाची बारीक फुली मारली होती. पंधरा तारीख! मी आईला मिठी मारली. ती म्हणाली, आधी मोहरी गोळा कर.

शुक्रवारी सकाळी स्टोअरवाला नंदाखालहून चर्चच्या कॅलेंडरांची जुडी घेऊन आला, सुतळीने बांधलेली. त्याच्या मोठ्या काकीने ती जपून ठेवली होती. जेवणाच्या सुट्टीत तो सण वाचत गेला आणि मी टाइप करत गेले. ईस्टर कधी मार्चमध्ये, कधी एप्रिलच्या अखेरीला, होळीही तशीच मागेपुढे नाचणारी. संत पेत्र आणि नाताळ मात्र दरवर्षी आपली जागा धरून. ‘दुसऱ्या दिवशी’ला एक मिळवायचा, ‘आदल्या दिवशी’तून एक वजा करायचा. मग मी क्वेरी चालवली.

एकेक ओळ खाली येत गेली आणि एकतीस डिसेंबरची गर्दी फुटली. लोक जानेवारीत गेले, मार्चमध्ये गेले, जूनमध्ये, श्रावणात, जो तो ज्या दिवशी खरोखर सोसायटीच्या पायऱ्या चढला होता त्या दिवशी जाऊन बसला. मावशीपुढे पंधरा ऑगस्ट. दोन वर्षं पुरी, वर पाच दिवस शिल्लक! मी एवढ्याने ओरडले की खालून फोरमन काय जळालं ते बघायला जिना चढून आला.

स्टोअरवाला मात्र कॅलेंडरं बांधत बसला होता. सुतळीची गाठ मारता मारता त्याने विचारलं की या वर्षी नारळी पौर्णिमा कधी झाली. मी म्हटलं, बावीस ऑगस्टला. त्यावर तो म्हणाला की मग तिथे कुणीतरी नक्की म्हणेल, पुनवेपासून पुनवेपर्यंत वर्ष धरलं तर वीस तारखेला तिची दोन वर्षं भरली नव्हती. मी त्याच्यावर चिडले. असला वाकडा विचार कोण करेल, असं त्याला विचारलं. त्याने सांगितलं की त्याच्या गावात बरेच जण करतील.

शनिवारी मी अर्धी रजा टाकून गेले. सोसायटीच्या हॉलमध्ये अधिकारी टेबलाशी, शेजारी चेअरमन आणि कारकून, समोर वीस-पंचवीस माणसं. बाया दाराबाहेर उभ्या होत्या. मावशी एकटी आत, भिंतीला पाठ लावून. मी नवी यादी टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं, माझी युक्ती, माझी चूक, सणांचा तक्ता. आवाज जरा चढाच लागला होता, पण मला थांबता येत नव्हतं.

चेअरमननी यादी वाचली आणि स्टोअरवाल्याने सांगितलेलंच नेमकं बोलले. पुनव ते पुनव वर्ष. या खेपेची पुनव बावीसला झाली, नारळ त्यांनी स्वतः समुद्राला दिला, मग वीसला दोन वर्षं भरली कशी? हॉलमधली अर्धी डोकी हलली. त्यात खोटेपणा नव्हता. त्या लोकांचं वर्ष खरंच तसंच पुरं व्हायचं. कारकून तर माझ्याकडे दयेने बघत होते.

अधिकाऱ्याने चष्मा पुसला. तो म्हणाला की कायद्यात तिथी चालत नाही, इंग्रजी तारीखच धरायची. मी जवळजवळ उडी मारणार होते, तेवढ्यात तो माझ्याकडे वळला.

“बाई, तुमचा कॉम्प्युटर गेल्या आठवड्यात एकतीस डिसेंबर म्हणत होता. आज पंधरा ऑगस्ट म्हणतोय. पुढच्या आठवड्यात काय म्हणेल?”

हातात हळदीने पिवळं झालेलं कॅलेंडरचं पान होतं, पण त्यावर पौर्णिमा छापलेली होती, मावशीचं नाव नव्हतं. त्या दिवशीच नाव लागलं, की रिवाज म्हणून कारकुनांनी जवळचा सण लिहिला? ते स्वतः म्हणाले की आता आठवत नाही. तीन दिवस मी ज्या गोष्टीसाठी नाचत होते ती एका प्रश्नात बसली. मला रडू यायला लागलं आणि त्याचाही राग आला.

तेव्हा मावशी भिंतीपासून सुटली. अधिकाऱ्याकडे न बघता ती सरळ चेअरमनसमोर जाऊन उभी राहिली. मोठ्याने नाही, बाजारात भाव सांगावा तशी बोलली.

“तांडेल, त्या दिवशी सकालीं शालेत झेंडा तुमीच लावला. दुपारी पुनवेचा नारल बी तुमच्याच हातात होता. आन् नारल द्यायच्या आधी मना इथं बोलावून, माज्या घरवाल्याच्या नावावर लाल रेघ मारून माजा अंगठा घेतला. बोलले, आज दोन सन एका दिवशी आलेत, आज तुला रडायला द्यायचा नाय. आठवते का नाय?”

चेअरमननी मान खाली घातली. ते आपल्या हातांकडे बघत होते. ही बाई कमिटीवर येऊ नये असं त्यांना मनापासून वाटत होतं, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं, तिलाही. एक शब्द बोलले नसते तरी त्यांचं काही बिघडणार नव्हतं.

“होय,” ते म्हणाले. “झेंडा मीच लावला होता. पंधरा ऑगस्टच होता, साहेब. लिहा.”

अधिकाऱ्याने रजिस्टर ओढून पाहिलं. तिच्या नवऱ्याच्या नावावर लाल रेघ होती. त्याने पेनचं टोपण काढलं, मतदारांच्या कच्च्या यादीत योग्य जागी हाताने ओळ घातली, पुढे तारीख लिहिली, सही केली. मग रीत म्हणून उभा राहून ती ओळ मोठ्याने वाचली. आधी तिचं नाव, मग नवऱ्याचं, मग आडनाव, सभासद झाल्याची तारीख, मतदानास आणि उमेदवारीस पात्र. मी तिला पंधरा वर्षं ओळखत होते आणि तिचं नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा मोठ्याने ऐकलं. यादीसाठी ते मीच टाइप केलं होतं, तरीसुद्धा.

मावशीने पदर सारखा केला. बाहेरच्या बाया आता दाराच्या आत आल्या होत्या.

“साहेब,” ती म्हणाली, “परत एकदा वाचा.”

त्याने परत वाचलं.